रडायला जागा

डिसेंबर 1979. सोमवारची रात्र, घड्याळाच्या हिशेबाने मंगळवार लागलाय, एक वाजायला दोन मिनिटं आहेत. तू तोक्योत आहेस, साडेचार तातामी चटयांच्या खोलीत. तीन अंथरुणं घातली की संपली, एवढीच ती. पाय कोतात्सुत, म्हणजे बुटक्या मेजाखाली विजेची शेगडी आणि वरून रजई. पाय भाजतायत आणि पाठ गारठलीय.

भिंत पातळ आहे. पलीकडचा विद्यार्थी पान उलटतो तेही तुला ऐकू येतं. म्हणजे तू हुंदका दिलास तर तो त्याला ऐकू जाणारच.

तो तुला सोडून गेला त्याला तीन आठवडे झाले. परवा तू केस कापून घेतलेस, पार कानापर्यंत. सकाळी कचेरीत साहेबलोकांचा चहा ओतत होतीस, तेव्हा शेजारच्या टेबलावरचीने हळूच विचारलं, "शित्सुरेन?" शित्सु म्हणजे गमावणं, रेन म्हणजे प्रेम. इथे मुलीने एकाएकी केस कापले की हा प्रश्न ठरलेला. "छे गं, धुवायला सोपे पडतात," म्हणालीस आणि चहा सांडलास.

ट्रान्झिस्टरचा इअरफोन कानात घाल. 1242 किलोहर्ट्झ. एकाचा ठोका पडतो आणि लग्नाच्या वरातीत शोभावा असा खट्याळ ट्रम्पेट सुरू होतो. 'ऑल नाइट निप्पोन' या रेडिओ कार्यक्रमाची ही ओळखीची धून. पाठोपाठ एक बाई खिदळते. ही नाकाजिमा मियुकी. याच एप्रिलपासून सोमवारची रात्र तिच्याकडे आहे. दिवसा जिची गाणी ऐकून घशात आवंढा अडकतो, ती हीच, यावर पहिल्या आठवड्यात तुझा विश्वास बसला नव्हता. ती श्रोत्यांची पोस्टकार्डं वाचते, मध्येच स्वतःच्याच विनोदाला हसून घेते. तू रजई दातांत धरतेस. रडू येतंय की हसू, पलीकडच्याला कळायला नको.

ही भेटायच्या आधी तू काय ऐकून रडत होतीस? चल, तीन हिवाळे मागे.

फेब्रुवारी 1977. तेव्हाचा 'तो' वेगळा होता, ते असो. उएनो स्टेशनवरून रात्रीची गाडी धरलीस, सकाळी आओमोरीला उतरलीस तर फलाटावर बर्फ. आता घरी, हाकोदातेला, जायचं तर बोट. त्सुगारूची सामुद्रधुनी, 113 किलोमीटर, चार तासांना थोडा वेळ कमी. हाच रस्ता, हाच बर्फ, तोक्यो सोडून उत्तरेला निघालेली अशीच एक बाई एका गाण्यातही आहे. इशिकावा सायुरीचं हे गाणं 1 जानेवारीलाच बाजारात आलंय आणि आता ते चुकवू म्हटलं तरी चुकत नाही. आत गरम आहे, तरी तू डेकवर जाऊन उभी राहतेस. वारा असा आहे की कुणाच्याही डोळ्यांना पाणी येईल. इथे कुणी काही विचारत नाही. अकरा वर्षांनी, 1988 मध्ये, समुद्राखालचा बोगदा सुरू होईल आणि ही बोट बंद पडेल. प्रवास सुखाचा होईल खरा, पण बोगद्यात डेक कुठला?

एक मात्र मला खटकतं. हे गाणं लिहिणारे आकू यू. त्याआधी मियाको हारुमीने गाजवलेलं, उत्तरेकडच्या उतारशाळेत बसून, तो कधी घालणार नाही हे माहीत असूनही त्याच्यासाठी स्वेटर विणणाऱ्या बाईचं गाणं, तेही त्यांचंच. शब्द अप्रतिम, पण बाईने किती सोसावं हे एक पुरुष ठरवतोय. थंडीत विणत बसणारी ती बाई मला कधी खरी वाटली नाही. माझ्या ओळखीतलीने तो स्वेटर उसवून स्वतःसाठी मोजे केले असते.

1977 च्याच सप्टेंबरात साप्पोरोची पंचविशीतली नाकाजिमा 'वाकारेउता' घेऊन येते. नावाचा अर्थच ताटातुटीचं गाणं. शब्द तिचे, चाल तिची, आवाजही तिचाच. विक्रीच्या यादीत पहिल्या जागेवर पोचलेलं हे तिचं पहिलं गाणं. दुःख तेवढंच काळं, पण गाणारी त्याच्याकडे किंचित तिरकी बघते, जणू आरशात स्वतःचा सुजलेला चेहरा पाहून म्हणतेय, काय हे ध्यान! दोन वर्षांनी तुझ्या कानात खिदळणारी बाई तीच. खिदळणं तिथेच होतं, तुला ऐकू आलं नव्हतं इतकंच.

आता पुढे. जून 1999, शिबुया, बाहेर त्सुयूचा, म्हणजे इथल्या पावसाळ्याचा, चिकट पाऊस. तुझं वय वाढलेलं नाही, केस मात्र पुन्हा कापलेले आहेत. दोन मैत्रिणी तुला ओढत काराओके बॉक्समध्ये घेऊन आल्यात. 1985 मध्ये ओकायामात कुणीतरी मालवाहू कंटेनर ठेवून त्यात काराओकेचं यंत्र बसवलं, तेव्हापासून या खोल्या देशभर पसरल्या. जाड दार, भिंतीला खिडकी नाही, भाडं अर्ध्या तासाचं. मेजावर टेलिफोन डिरेक्टरीएवढी गाण्यांची वही.

मैत्रीण आकडा दाबते. उताडा हिकारू, 'फर्स्ट लव्ह'. गाणारी सोळा वर्षांची. मार्चमध्ये आलेला याच नावाचा तिचा अल्बम पुढे 76 लाखांहून जास्त खपणार आहे. जपानात कुठलाच अल्बम इतका खपलेला नाही. तिची आई फुजी केइको. 1970 मध्ये तिचे अल्बम सलग 37 आठवडे पहिल्या जागेवर होते; रात्रीची, धुरकट, मोडलेल्या बायकांची गाणी. आईचा आवाज घोगरा, लेकीचा श्वास तुटणारा.

पहिलं कडवं तू नीट म्हणतेस. दुसऱ्यात सूर जातो. तिसऱ्यापर्यंत तू माइकमध्ये चक्क भोकाड पसरलेलं असतं, यंत्र त्यात इमानदारीने एको मिसळत राहतं, आणि मैत्रिणी खुळखुळा वाजवत ताल धरतात.

भिंतीवरचा फोन वाजतो. दहा मिनिटं राहिली, वाढवायचं का? तू नाक पुसतेस, घसा खाकरतेस, आणि कचेरीतल्या आवाजात सांगतेस, "हो, अजून अर्धा तास. आणि तीन मेलन सोडा."