मोटेल पटेलांचं, पडद्यावर मालक बेट्सच

बारडोली म्हटलं की १९२८चा सत्याग्रह आठवतो. या सुरत-नवसारी पट्ट्यातल्या पाटीदारांनी अमेरिकेत रुजवलेला मोटेलचा धंदा सहसा आठवत नाही. हिचकॉकच्या ‘सायको’तलं (१९६०) बेट्सचं बारा खोल्यांचं मोटेल ओस पडतं, कारण हमरस्ता दुसरीकडून गेला. पुढे नवे महामार्ग झाले, १९७३ला तेल भडकलं आणि अशी कितीतरी मोटेलं खरोखरच स्वस्तात विकायला निघाली. ती घेतली पटेलांनी. स्वागतकक्षामागे संसार थाटला, चादरी घरच्यांनीच बदलल्या, शाळकरी मुलंही काउंटरवर बसली. निर्जन रस्ता, रात्र, तरुण पोरं: स्लॅशरपटाला लागणारं सगळं तिथे आयतं होतं. तरी १९९८च्या नव्या ‘सायको’त आणि २००७च्या ‘व्हेकन्सी’त मोटेलवाला गोराच राहिला.

खुनी म्हणून दिसलो नाही हे बरंच, असं कुणी म्हणेल. पण वगळणूक बळींमध्येही आहे. ‘स्क्रीम २’ने (१९९७) सुरुवातीलाच एका कृष्णवर्णीय जोडप्याच्या तोंडी नेमकी हीच तक्रार घातली आणि लगेच दोघांना मारलंही, निदान मरण्यापुरती तरी ती दिसली. मीरा नायरच्या ‘मिसिसिपी मसाला’त (१९९१) मोटेलमधली गुजराती माणसं आहेत, पण ती प्रेमकथा. त्यांच्या आयुष्यात भयपटाजोगं काही नव्हतं, हा आक्षेपही लंगडाच. शेजारची मोटेलं ‘अमेरिकन मालकीचे’ अशा पाट्या लावून परक्याच्या भीतीवर गिऱ्हाईक ओढत होती. विमा आणि कर्ज मिळवतानाही भेदभाव व्हायचा, म्हणून १९८९मध्ये या मालकांना स्वतःची संघटना काढावी लागली.