गेम अडकतोय? प्लॅन वाढवण्याआधी पिंग तपासा

बीजीएमआय किंवा व्हॅलोरंट खेळताना समोरचा गडी क्षणात भलतीकडेच दिसू लागला, की पहिला विचार येतो मोठ्या प्लॅनचा. पण शंभरचे दोनशे एमबीपीएस केले तरी बहुतेकदा अडखळणे तसेच राहते. खेळताना ये-जा करणारा डेटा साधारण एक एमबीपीएसच्या आतच असतो. खरा प्रश्न पिंगचा, म्हणजे निघालेला संदेश सर्व्हरला पोचून परत यायला किती मिलिसेकंद लागतात त्याचा. पिंग कायम ६० असला तर हाताला सवय होते. ३० वरून २५० वर उड्या मारू लागला तर मात्र खेळणे अशक्य.

दोष घरात की लाइनमध्ये, हे फुकटात कळते. विंडोजच्या कमांड प्रॉम्प्टमध्ये पिंग कमांडपुढे राउटरचा पत्ता टाकून चार-पाच वेळा पाहावे. पत्ता बहुधा राउटरच्या खालच्या स्टिकरवर असतो. केबलवर उत्तर एक-दोन मिलिसेकंदांत यायला हवे. वायफायवर आकडे शंभरापर्यंत उसळत असतील, तर कंपनीला फोन करून उपयोग नाही, गडबड घरातलीच आहे. राउटरपर्यंत सगळे ठीक आणि पुढे बिघडत असेल, तर तक्रारीला पुरावा हाती आला.

वायफायच्या त्रासावर खात्रीचा उपाय लॅन केबलच. मोबाईलवाल्यांनी ५ गिगाहर्ट्झ निवडावे. २.४ गिगाहर्ट्झवर शेजाऱ्यांचे राउटर, ब्लूटूथ, मायक्रोवेव्ह अशी सगळ्यांचीच गर्दी असते. पण जुन्या घरांच्या जाड भिंतींपलीकडे ५ गिगाहर्ट्झ नीट पोचत नाही. तिथे २.४ वरच राहून १, ६, ११ यांपैकी कमी गर्दीचे चॅनल घ्यावे.

घरात सगळ्यात जास्त घोळ घालते ते अपलोड. कुणाच्या तरी मोबाईलमधले लग्नाचे फोटो क्लाउडवर चढू लागतात, राउटरमध्ये डेटाची रांग लागते आणि गेमचा चिमुकला संदेश त्या रांगेत मागे उभा राहतो. याला बफरब्लोट म्हणतात. राउटरमध्ये एसक्यूएम किंवा क्यूओएस असेल तर ते चालू करून अपलोड-डाउनलोडची मर्यादा मोजलेल्या वेगाच्या ८५ ते ९० टक्के ठेवावी. स्पीड टेस्टमध्ये आकडा थोडा कमी दिसेल, पण पिंग स्थिर होतो. स्वस्त राउटरवर ही सोय सहसा नसते, मग फोटो बॅकअप खेळाच्या वेळेत बंद ठेवायचा.

गेममधला सर्व्हरही पाहून घ्यावा. व्हॅलोरंटचा मुंबईत आहे, काउंटर-स्ट्राइकचे मुंबई आणि चेन्नईत. चुकून सिंगापूर निवडले गेले, तर मुंबईपासूनच ते सुमारे चार हजार किलोमीटर. फायबरमधून प्रकाश सेकंदाला दोन लाख किलोमीटर धावतो, म्हणजे जाण्यायेण्याचे ४० मिलिसेकंद तिथेच गेले. ते कुठलीही सेटिंग परत आणू शकत नाही. डीएनएस बदलूनही चालू गेमचा पिंग उतरत नाही, कारण त्याचे काम सर्व्हरचा पत्ता शोधून दिला की संपते.