आपबीती, संग्रह आणि स्वाक्षरी

सत्कार्याच्या साहाय्यार्थ अनेकांकडून आपबीती, कथा व कविता मागवाव्यात आणि त्यांचा एक देखणा संग्रह सिद्ध करून वाचकांच्या हाती द्यावा, ही प्रथा आज सर्वपरिचित आहे. वाङ्मयेतिहासकार मात्र अशा संग्रहांकडे सहसा लक्ष देत नाहीत. त्यांतील बहुतेक लेखन प्रासंगिक असते, उपदेशाकडे झुकलेले असते आणि त्याचा दर्जाही एकसारखा नसतो, हे खरेच आहे. तथापि जो माणूस आजवर केवळ इतरांच्या अनुकंपेचा विषय होता, तो स्वतः लेखक म्हणून अशा संग्रहात पाऊल ठेवतो तेव्हा काय घडते, हा प्रश्न वाङ्मयाच्या अभ्यासकाला टाळता येण्यासारखा नाही. एकोणिसाव्या शतकातील अमेरिकन गुलामगिरीविरोधी संग्रहांच्या इतिहासात या प्रश्नाचे स्वरूप विशेष स्पष्टपणे दिसून येते.

नाताळ व नववर्षाच्या सुमारास भेट देण्याजोगी वार्षिके काढण्याचा प्रघात रूडॉल्फ आकरमन यांच्या १८२३ सालच्या ‘फर्गेट मी नॉट’पासून इंग्लंडमध्ये रूढ झाला व थोड्याच काळात अमेरिकेतही पोहोचला. सुबक बांधणी, कोरीव चित्रे, हळुवार कविता असे त्यांचे रूप असे. दिवाणखान्यात शोभणारे हेच रूप बोस्टनच्या मारिया वेस्टन चॅपमन यांनी एका लढ्याच्या कामी लावले. त्यांनी संपादिलेले ‘लिबर्टी बेल’ हे वार्षिक १८३९ पासून १८५८ पर्यंत, मध्ये काही वर्षांचा खंड पडत, निघत राहिले. बोस्टनमध्ये गुलामगिरीविरोधी स्त्रिया दरवर्षी जो मेळा भरवीत, तेथे त्याची विक्री होई आणि मिळणारा पैसा चळवळीकडे जाई. लेखक आपले लेखन विनामूल्य देत.

१८४५ च्या अंकासाठी फ्रेडरिक डग्लस यांच्याकडे लेख मागण्यात आला. १८३८ मध्ये मेरीलँडमधून पळून आलेला हा तरुण तोवर वक्ता म्हणून गाजला होता. परंतु त्याचे आत्मवृत्त अद्याप प्रसिद्ध व्हावयाचे होते. लेखासोबत त्यांनी संपादिकेला जो मजकूर लिहिला, तो मूळ लेखाइतकाच महत्त्वाचा आहे. अशा संग्रहाला काय शोभेल आणि काय शोभणार नाही, हे ठरविण्याइतके शिक्षण आपल्याला लाभले नाही, अशी कबुली त्यांनी तेथे दिली आहे. सहाच वर्षांपूर्वी दक्षिणेतील शेतातून पळालेला आपण आज पुस्तकासाठी लिहावयास बसलो आहोत, या विचाराने आपणच आपल्याला विलक्षण परके वाटलो, असेही ते सांगतात. गुलामांना लिहावाचावयास शिकविणे दक्षिणेतील अनेक राज्यांत कायद्याने निषिद्ध होते, हे ध्यानात घेतले म्हणजे या संकोचामागे केवळ विनय नव्हता, हे उमगते.

याच वार्षिकाच्या १८४८ च्या अंकात एलिझाबेथ बॅरेट ब्राउनिंग यांची एका पळून आलेल्या गुलाम स्त्रीवरील कविता प्रसिद्ध झाली. कवयित्री त्या काळी इटलीत राहत होती. तिच्या घराण्याची संपत्ती जमेकामधील मळ्यांवर उभी राहिली होती. असे असूनही तिने त्या स्त्रीचा ‘मी’ निःशंकपणे स्वीकारला आणि आपल्या अपत्याचा जीव घेणाऱ्या मातेचा आक्रोश तिच्याच तोंडून वदविला. अमेरिकेला ही कविता फार प्रखर वाटेल, अशी शंका तिला होती. तरीही चॅपमन यांनी ती छापली. येथील विरोध लक्षणीय आहे. ज्याने दास्य भोगले तो आपल्या शब्दांविषयी साशंक होता. ज्या कवयित्रीला त्याचा अनुभव नव्हता, तिला मात्र त्याच्या वतीने बोलण्यात अडचण वाटली नाही. म्हणून तिची सहानुभूती खोटी ठरत नाही. परंतु अशा संग्रहात सर्वांना समान स्थान होते, असेही म्हणता येत नाही.

डग्लस यांनी १८५५ च्या आत्मवृत्तात या विषमतेवर नेमके बोट ठेवले आहे. तुम्ही घडले ते सांगा, त्याच्या तात्त्विक बाजूचे आम्ही पाहून घेऊ, असे श्वेतवर्णी सहकारी त्यांना सांगत. म्हणजे अनुभव पीडिताचा आणि अर्थ इतरांचा, अशी ती वाटणी होती. ती त्यांना मान्य होण्यासारखी नव्हती.

या वाटणीला वाङ्मयीन उत्तर मिळाले ते १८५३ मध्ये. रॉचेस्टर येथील स्त्रीमंडळाच्या चिटणीस ज्युलिया ग्रिफिथ्स यांनी ‘ऑटोग्राफ्स फॉर फ्रीडम’ हा संग्रह काढला. त्याच्या उत्पन्नाने डग्लस यांच्या वृत्तपत्राला साहाय्य व्हावे, हा हेतू होता. प्रत्येक लेखाखाली लेखकाच्या स्वाक्षरीची प्रतिकृती छापण्यात आली. हॅरिएट बीचर स्टो यांच्यासारख्या ख्यातनाम लेखिकेच्या स्वाक्षरीसोबत एका पूर्वाश्रमीच्या गुलामाची स्वाक्षरी त्याच ग्रंथात यावी, याचा अर्थ तत्कालीन वाचकाला समजावून सांगण्याची गरज नव्हती.

डग्लस यांनी या संग्रहासाठी आपबीती मात्र दिली नाही. ‘द हिरोइक स्लेव्ह’ ही दीर्घकथा दिली. १८४१ मध्ये व्हर्जिनियाहून न्यू ऑर्लिन्सकडे गुलाम घेऊन निघालेले ‘क्रिओल’ जहाज मॅडिसन वॉशिंग्टन व त्याच्या साथीदारांनी ताब्यात घेऊन नॅसोला नेले आणि तेथे ब्रिटिश अंमलाखाली त्यांना मुक्ती लाभली, हा तिचा आधार. या उठावाची हकीकत जगाला कळली ती मुख्यतः श्वेत खलाशांच्या जबान्यांतून. कथेच्या अखेरच्या भागात डग्लस यांनी उठावाचे निवेदन एका श्वेत खलाशाच्याच मुखी घातले आहे. मात्र त्याला नायकाचे मोठेपण मान्य करावयास लावले आहे. साक्ष प्रतिपक्षाची राहिली, पण तिचा अर्थ आता डग्लस यांच्या हाती आला. कथेत वक्तृत्वाचा सोस आहे आणि योगायोगही फार आहेत. तरीही नुसत्या हकिगतीची अपेक्षा असलेल्या माणसाने कल्पनेचा अधिकार हाती घेतला, ही तिची खरी सिद्धी होय.

१८७३ मध्ये महात्मा फुले यांनी ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ अमेरिकेतील गुलामांना मुक्त करणाऱ्या तेथील सदाचारी जनांना अर्पण केला. पुढे दया पवारांच्या ‘बलुतं’ने (१९७८) मराठीत दलित आत्मकथनांची वाट प्रशस्त केली, तेव्हा टीकेपुढेही तोच प्रश्न उभा राहिला: हे लेखन दस्तऐवज म्हणून वाचावे की साहित्य म्हणून? अनुभव सांगणाऱ्याला त्याचा अर्थ लावण्याचाही अधिकार आहे, हे डग्लस यांनी त्या विनामूल्य दिलेल्या कथेतून आधीच दाखवून दिले होते. कोणत्याही संग्रहाचे मोल ठरविताना त्यात कोणाची दुःखे आली, एवढे पाहून भागणार नाही. त्या दुःखांचा अर्थ कोणी लावला, हेही पाहावे लागेल.