पंडिता आणि सेविका

पंडिता रमाबाईंचे नाव निघाले की आपल्याकडे बहुधा दोनच गोष्टींची चर्चा होते: त्यांची विद्वत्ता आणि त्यांचे धर्मांतर. या दोहोंना जोडणारा दुवा मात्र सहसा कोणी पाहत नाही. तो दुवा सेवेचा आहे.

१८७८ साली कलकत्त्याच्या विद्वानांनी ज्यांना 'पंडिता' आणि 'सरस्वती' म्हणून गौरविले, त्या रमाबाई १८८३ साली इंग्लंडला गेल्या व वाँटेजच्या ख्रिस्ती भगिनींच्या मठात राहिल्या. या भगिनी लंडनमधील फुलम येथे पतित स्त्रियांसाठी एक आश्रम चालवीत. समाजाने टाकलेल्या स्त्रियांना हाताला धरून उठविणारे कोणी असते, हे रमाबाईंनी तेथे प्रथमच पाहिले. हे सारे कशासाठी, असे त्यांनी विचारले, तेव्हा विहिरीवर शोमरोनी स्त्रीशी येशू कसा बोलला ती कथा त्यांना ऐकावयास मिळाली. शास्त्रार्थात सहसा हार न जाणाऱ्या या विदुषीला जिंकले ते सेवेने. त्याच वर्षी त्यांनी बाप्तिस्मा घेतला.

१८८९ साली त्यांनी मुंबईत शारदासदन काढले आणि पुढच्या वर्षी ते पुण्यास नेले. तेथील पहिल्या विद्यार्थिनींपैकी गोदूबाई म्हणजेच पुढच्या आनंदीबाई कर्वे. परंतु १८९३ साली वादळ उठले. मुलींना ख्रिस्ती धर्माकडे ओढले जाते, असा आरोप झाला. रानडे व भांडारकर यांनी सल्लागार मंडळ सोडले. अनेक पालकांनी मुली काढून नेल्या. संस्थेत धर्मशिक्षण दिले जाणार नाही, या बोलीवर ज्यांनी मुली पाठविल्या होत्या, त्यांचा राग अगदीच निष्कारण होता असे म्हणवत नाही. हा वाद आजही मिटलेला नाही.

तथापि माणसाची खरी पारख लोकांचा आश्रय सुटल्यावरच होते. १८९६-९७ च्या दुष्काळात रमाबाई मध्यप्रांतात गेल्या. स्वतःचे आईवडील दुष्काळात गमावलेल्या या बाईला भूक ऐकून नव्हे, भोगून ठाऊक होती. उपासमारीने व रोगाने जर्जर झालेल्या सुमारे तीनशे मुलीबाळी त्यांनी आणल्या आणि केडगावच्या माळावर मुक्तिसदन उभे राहिले. १९०० च्या गुजरातेतील दुष्काळानंतर तेथील संख्या दोन हजारांच्या घरात गेली. आंधळ्यांसाठी निराळी सोय झाली, पतित स्त्रियांसाठी कृपासदन निघाले. फुलमला पाहिलेले काम असे भीमथडीत रुजले. शेती, विणकाम, छपाई अशी कामे या मुली शिकू लागल्या.

आपल्याकडे शिष्याने गुरूचे पाय धुवावेत अशी रीत. येशूने उलट शिष्यांचे पाय धुतले. रमाबाईंनी विद्येलाही हीच रीत लावली. हिब्रू व ग्रीक शिकून त्यांनी संपूर्ण बायबल मराठीत आणले, ते पंडितांसाठी नव्हे. खेड्यातल्या अल्पशिक्षित बाईला कळावे एवढ्यासाठी. १९२१ साली एकुलती एक कन्या मनोरमा गेली, तरी काम थांबले नाही. ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाईंनी देह ठेवला, त्यापूर्वी ते पुरे झाले होते. त्याचे खिळे केडगावच्याच छापखान्यात जुळले. जुळविणाऱ्या हातांत सदनातील स्त्रियांचे हात होते. ज्यांना कोणी अक्षर शिकवील अशी कोणाची अपेक्षा नव्हती, अशा स्त्रियांचे.