मांजरा : आधी आराखडा की आधी धरण?

१/ १२ एप्रिल २०१६ रोजी मिरजेहून कृष्णेचे पाणी घेऊन पहिली रेल्वे लातुरात पोहोचली. १० वाघिणी, सुमारे ५ लाख लिटर पाणी. पुढे ५० वाघिणींची गाडी एका फेरीत सुमारे २५ लाख लिटर आणू लागली. ऑगस्टपर्यंत शंभराहून अधिक फेऱ्या झाल्या. त्याआधी मार्चमध्ये पाणी भरण्याच्या ठिकाणी जमावबंदी लागू करावी लागली होती. हे संकट केवळ पावसाने आणले होते का, हे पाहण्यासाठी मांजरा नदीचा इतिहास चाळावा लागतो.

२/ मांजरा बीड जिल्ह्यातील बालाघाटाच्या डोंगररांगेत उगम पावते. धाराशिव, लातूर, पुढे बिदर आणि तेलंगण असा मोठा वळसा घेऊन ती उत्तरेकडे वळते आणि नांदेड जिल्ह्याच्या सीमेवर, कंदकुर्तीजवळ गोदावरीला मिळते. म्हणजे लातूर आणि नांदेड हे जिल्हे एकाच खोऱ्याचे भाग आहेत. जिल्ह्यांच्या सीमा माणसांनी आखल्या. नदी त्या जाणत नाही.

३/ या नदीवर पहिले मोठे धरण निजामाच्या काळात झाले. १९२३ ते १९३१ या काळात खालच्या अंगाला निजामसागर उभा राहिला. त्याच्या लाभक्षेत्रात ऊस वाढला आणि १९३७ मध्ये बोधन येथे साखर कारखाना स्थापन झाला. आधी धरण, मग ऊस, मग कारखाना : पुढे वरच्या अंगालाही हाच क्रम दिसतो.

४/ केज तालुक्यातील धनेगाव येथे मांजरा धरण १९८० च्या सुमारास पूर्ण झाले. १९८२ मध्ये उस्मानाबादपासून वेगळा होऊन लातूर जिल्हा निर्माण झाला. त्याच दशकात मांजरा सहकारी साखर कारखाना उभा राहिला आणि त्यामागोमाग परिसरात आणखी कारखाने आले. दुसरीकडे डाळींची बाजारपेठ आणि शिक्षणाचा ‘लातूर पॅटर्न’ यांमुळे शहरही झपाट्याने वाढले. शेत आणि शहर, दोघांची भिस्त एकाच जलाशयावर राहिली.

५/ ऊस शेतात १२ ते १८ महिने उभा असतो. त्याला किमान एक संपूर्ण उन्हाळा पाणी द्यावे लागते. ज्वारी, तूर ही पिके त्याआधीच निघालेली असतात. तरीही शेतकऱ्याला दोष देणे अन्यायाचे ठरेल. उसाला कायद्याने ठरलेला किमान दर आहे आणि तो घेणारा कारखाना जवळ आहे. तुरीच्या भावाची अशी हमी नसते. शेतकऱ्याने समोर असलेल्या धोरणाप्रमाणेच पीक निवडले.

६/ धरण आटले की सारा भार भूजलावर येतो. मराठवाड्याच्या काळ्या मातीखाली बेसाल्टचा कठीण खडक आहे. पाणी साठते ते मुख्यतः वरच्या झिजलेल्या थरात आणि भेगांत. बोअर कितीही खोल नेले तरी पाणी लागेलच असे नाही. १९९३ च्या कायद्याने सार्वजनिक पेयजल स्रोतापासून ५०० मीटरच्या आत नवी विहीर घेण्यावर बंधन आणले. २००९ च्या भूजल अधिनियमाने ६० मीटरपेक्षा खोल विहिरींनाही आवर घातला. बोअरची यंत्रे मात्र गावोगाव फिरतच राहिली.

७/ मग नियोजन कुठे चुकले? शहराचा विकास आराखडा १९६६ च्या नगररचना कायद्याखाली तयार होतो. त्यात रस्ते, आरक्षणे, निवासी व औद्योगिक भाग ठरतात. पण तो शहराच्या हद्दीपुरता असतो. लातूरला पाणी देणारे धरण दुसऱ्या जिल्ह्यात, त्याचे पाणलोट क्षेत्र त्याहूनही वर. शहर किती वाढेल याचा हिशेब एका खात्याकडे, नदीत किती पाणी येईल याचा दुसऱ्याकडे आणि कारखान्याच्या परवान्याचा तिसऱ्याकडे.

८/ यावरचा उपाय माहीत नव्हता असे नाही. माधवराव चितळे यांच्या अध्यक्षतेखालील जल व सिंचन आयोगाने १९९९ च्या अहवालात खोरे आणि उपखोरे हे नियोजनाचे एकक मानले. तुटीच्या उपखोऱ्यांत उसासारख्या पिकांवर बंधने असावीत, अशी त्याची भूमिका होती.

९/ २००५ मध्ये राज्याने जलसंपत्ती नियमन प्राधिकरणाचा कायदा केला. राज्याचा एकात्मिक जल आराखडा तयार व्हावा आणि नवा प्रकल्प त्याच्याशी सुसंगत असेल तरच मंजूर व्हावा, हा त्याचा गाभा. अधिसूचित क्षेत्रात बारमाही पिकांना ठिबकाशिवाय कालव्याचे पाणी देऊ नये, अशीही तरतूद त्यात आहे. निसर्गाची मर्यादा आधी, विकासाची मंजुरी नंतर : हा क्रम आता कायद्यातच आला होता.

१०/ प्रत्यक्षात क्रम उलटा झाला. आराखडा तयार झाला नाही, प्रकल्प मात्र मंजूर होत राहिले. औरंगाबादच्या ‘वाल्मी’ संस्थेतील निवृत्त प्राध्यापक प्रदीप पुरंदरे यांनी २०१४ मध्ये उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठात जनहित याचिका दाखल केली. आराखडा होईपर्यंत नव्या प्रकल्पांना मंजुरी देऊ नये, असा आदेश न्यायालयाने दिला. आराखड्याविना मंजूर झालेल्या १८९ प्रकल्पांचा प्रश्नही त्यातून पुढे आला.

११/ कायद्याने नेमलेल्या राज्य जल परिषदेची पहिली बैठक जानेवारी २०१५ मध्ये झाली, म्हणजे कायद्यानंतर जवळपास दहा वर्षांनी. आराखड्याला मंजुरी मिळाली २०१८ मध्ये. लातूरला पाण्याची रेल्वे या दोन घटनांच्या मधल्या काळात धावली. म्हणून ती रेल्वे दुष्काळाची जितकी खूण आहे, तितकीच न झालेल्या नियोजनाचीही आहे.

१२/ २०१६ च्याच पावसाळ्यात मांजरा धरण भरले आणि संकटाची चर्चा ओसरली. पण प्रश्न कायम आहे, तोही केवळ लातूरपुरता नाही. नांदेड शहराची तहान आणि शेतीचे उपसा सिंचन, दोन्ही गोदावरीवरील विष्णुपुरी जलाशयावर अवलंबून आहेत. या शहरांचा कोणताही विकास आराखडा मांडला जाईल, तेव्हा रस्त्यांच्या रुंदीआधी एक आकडा विचारायला हवा : वाईट वर्षी या खोऱ्यात किती पाणी असते आणि त्यातले पिण्यासाठी राखून ठेवलेले किती? ते उत्तर आधी मिळाले, तर पुढची मंजुरी योग्य क्रमाने होईल.