जिना, खुर्ची आणि कारकुनाचे हृदय

कचेरीत बसल्या जागी करायच्या व्यायामांचे तक्ते हल्ली भिंतीभिंतींवर दिसतात. मान फिरवा, खांदे उचला, टाचा वर करा. या सल्ल्याची मुळे शोधताना मी आधी इटलीत गेलो. बर्नार्डिनो रामाझ्झिनी या वैद्याने कामगारांच्या रोगांवरील आपल्या ग्रंथाच्या १७१३ च्या आवृत्तीत लेखनिकांसाठी स्वतंत्र प्रकरण घातले. सततचे बसणे, हाताची एकसारखी हालचाल आणि हिशेब चुकू नये म्हणून मनावर पडणारा ताण, ही त्याने सांगितलेली तीन कारणे. आपला कुठलाही कारकून ती ओळखेल.

खरा पुरावा मात्र लंडनच्या बसमध्ये सापडला. जेरी मॉरिस या डॉक्टराने तिथल्या वाहतूक खात्यातील सुमारे ३१,००० पुरुषांची नोंद तपासली आणि १९५३ साली ‘लॅन्सेट’मध्ये निष्कर्ष छापले. पगार, वस्ती, घरची परिस्थिती साधारण सारखी. फरक एवढाच की ड्रायव्हर दिवसभर बसून आणि कंडक्टर दुमजली बसचा जिना चढत-उतरत, पाळीला पाचशे ते साडेसातशे पायऱ्या. हृदयविकाराचे प्रमाण ड्रायव्हरांत हजारी वर्षाला २.७, कंडक्टरांत १.९. टपाल खात्यातही पत्रे वाटणारे पोस्टमन टेबलावरच्या कारकुनांपेक्षा सुखरूप निघाले.

(आपल्या बेस्टच्या दुमजली बसवर दोन कंडक्टर असत, वर एक आणि खाली एक. तेव्हा लंडनचा आकडा मुंबईला जसाच्या तसा लावू नये.)

मॉरिसचे मोठेपण मला पुढच्या पायरीवर दिसते. त्याने १९५६ मध्ये गणवेशाच्या विजारींची मापे तपासली. ड्रायव्हरांची कंबर तरुण वयातच कंडक्टरांपेक्षा रुंद! म्हणजे खुर्चीने माणूस जाड केला, की जाड माणसानेच खुर्ची निवडली? स्वतःच्या सिद्धांताला स्वतःच टाचणी लावणारे संशोधक थोडे.

मग तो थेट कचेरीत शिरला. १६,८८२ ब्रिटिश सरकारी नोकरांनी सोमवारी सकाळी आपल्या मागच्या शुक्रवार-शनिवारची हालचाल लिहून दिली. पुढे २१४ जणांना हृदयविकाराचा पहिला झटका आला. त्यांतल्या ११ टक्क्यांनी दम लागेल असा व्यायाम नोंदवला होता. तुलनेसाठी निवडलेल्या ४२८ निरोगी सहकाऱ्यांत हे प्रमाण २६ टक्के. हलक्या हालचालीचा असा फायदा १९७३ च्या त्या लेखात दिसला नाही.

भिंतीवरच्या तक्त्याला ही गोष्ट अडचणीची आहे. मान-खांद्यांचे व्यायाम आखडलेपणाला उतारा आहेत, ते जरूर करावेत. हृदयाचे काम त्यांच्यावर सोपवणे मला पटत नाही. आणि ज्या नव्या इमारतींत हे तक्ते टांगलेले असतात, तिथे जिन्याचे दार बहुधा कुलूपबंद किंवा खोक्यांनी अडवलेले आढळते.