आयुरारोग्याचें मागणें

शरीर व्याधीनें जर्जर झालें म्हणजे मनुष्य ईश्वराकडे वळतो, ही गोष्ट सर्वांस ठाऊक आहे. आणि शहाण्यासुरत्या लोकांनीं तिचा थोडाबहुत उपहासही केलेला आहे. परंतु असें वळल्यावर रोग्याच्या पदरांत नेमकें काय पडतें, हा प्रश्न उपहासानें सुटत नाहीं. या प्रश्नाचा विचार करतांना केरळांतील मेल्पत्तूर नारायण भट्टतिरी यांचें उदाहरण फार उपयोगी पडतें. कारण त्यांनीं आपलें दुखणें व आपली श्रद्धा एकाच ग्रंथांत नमूद करून ठेविली आहे.

सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धांत होऊन गेलेले भट्टतिरी भारतपुळा नदीच्या परिसरांतले. त्यांचे गुरु अच्युत पिषारटी हे वैयाकरण तर होतेच, शिवाय नामांकित ज्योतिर्विदही होते. परंपरा असें सांगते कीं, गुरूंना वाताचा दुर्धर विकार जडला, तेव्हां शिष्यानें गुरुदक्षिणा म्हणून तो आपल्या अंगावर घेतला. ही कथा अक्षरशः खरी मानण्याचें कारण नाहीं. पण भट्टतिरी स्वतः व्याधिग्रस्त होते, हें त्यांच्या काव्यावरूनच स्पष्ट दिसतें. ते गुरुवायूरच्या देवळांत जाऊन राहिले. त्या क्षेत्राचें एक संस्कृत नांव ‘वातालय’, म्हणजे वायूचें घर. वातानें पिडलेल्या मनुष्यानें वातालयाच्या स्वामीपुढें बसावें, यांतील मर्म त्या शब्दपंडिताच्या ध्यानांत आलें नसेल असें संभवत नाहीं.

तेथें त्यांनीं अठरा हजार श्लोकांचें मानलें जाणारें भागवत हजाराहून थोड्या अधिक श्लोकांत आणि शंभर दशकांत उतरविलें. तेंच ‘नारायणीयम्’. रोज एक दशक याप्रमाणें शंभर दिवसांत तें पुरें झालें, अशी समजूत आहे. त्याची रचना पाहण्यासारखी आहे. कवि देवाच्या लीला देवालाच सांगतो, आणि बहुतेक दशकांच्या शेवटीं आपल्या गाऱ्हाण्यावर येतो: माझें हें दुखणें दूर कर. आमच्याकडील करुणाष्टकांचा व केकावलीचा परिचय असलेल्या वाचकांस हा सूर परका वाटणार नाहीं. दुःख झांकून वैराग्याचा आव आणणें त्यांत नाहीं. मागणें उघड आहे, तें पुनःपुन्हां येतें; आणि दुसऱ्या दिवशीं कथा पुन्हां पुढें चालते.

मला वाटतें, त्यांच्या शांतीचें रहस्य येथेंच आहे. दीर्घ दुखण्यांत वेदनेहूनही जड होतो तो रिकामा, दिशाहीन दिवस. श्रद्धेनें त्या दिवसाला काम दिलें, आणि गाऱ्हाणें ऐकून घेणारा कोणी समोर आहे असा विश्वास दिला. बरें होण्याची वाट न पाहतां आशा कामाला लागली. शंभराव्या दशकांत तर कवि देवाचें रूप मस्तकापासून चरणांपर्यंत डोळ्यांपुढें असल्यासारखें वर्णितो.

काव्याचा शेवट आयुष्य, आरोग्य व सौख्य यांच्या एका समासानें होतो. कटपयादि पद्धतीनें या समासाचे अंक मांडून उलट वाचले असतां 17,12,210 ही संख्या येते. कलियुगारंभापासूनचे इतके दिवस मोजले कीं जुन्या ज्युलियन गणनेनें 1586 च्या नोव्हेंबरची अखेर निघते. गुरूच्या ज्योतिषांतली ही रीत शिष्यानें प्रार्थनेंत ओविली, आणि ग्रंथसमाप्तीचा दिवस व आरोग्याचें मागणें एकाच शब्दांत बांधलें.

त्या दिवशीं रोग पार गेला, असें भाविक मानतात. इतिहासाला एवढेंच म्हणतां येतें कीं, त्यानंतर सुमारें तीस वर्षांनीं, 1616 च्या आसपास, भट्टतिरींनीं ‘प्रक्रियासर्वस्व’ हा पाणिनीय व्याकरणाचा मोठा ग्रंथ रचला. आणि 1620 च्या सुमारास गुरु वारले, तेव्हां त्यांच्या मृत्यूचा दिवस अशाच अक्षरसंख्येनें श्लोकांत गोंविला. केरळांत अष्टवैद्यांची थोर परंपरा नांदत असतांना हें काव्य झालें. तेव्हां श्रद्धेला वैद्यकाची सवत ठरविण्याची गरज नाहीं.

या चरित्राला आणखी एक कथा जोडलेली आहे. पून्तानम् नांवाच्या मल्याळी कवीनें आपलें काव्य तपासून देण्यास भट्टतिरींना विनविलें. विद्येच्या अभिमानानें त्यांनीं तें नाकारलें, आणि दुखणें उलटलें. मग देवानें सांगितलें, ‘मेल्पत्तूरच्या विभक्तीपेक्षां पून्तानमची भक्ति मला प्रिय आहे.’ भट्टतिरींनीं क्षमा मागितली. कथा घडली असो वा नसो, लोकांनीं ती जपली यांत शहाणपण आहे. दुखणें मनुष्याला आपोआप नम्र करीत नाहीं. देवापुढें वांकलेली मान शेजाऱ्यापुढें ताठ राहूं शकते. पून्तानमनें स्वतः तान्हें मूल गमावलें होतें, असें परंपरा सांगते. आपल्या दुःखांतून उठून दुसऱ्याचें दुःख ओळखावें, हें आरोग्यही त्या मागण्यांत येतें. तें ज्याला लाभलें, त्याचें अंग दुखत राहिलें तरी त्याला रिकाम्या हातानें परतावें लागलें, असें म्हणतां येणार नाहीं.